तयारी बाबांची, परीक्षा माझी

वाचकहो, आपल्या घरातील सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या ज्येष्ठाने सकाळचा चहा घेता घेता ‘मला लडाखच्या डोंगरांत चालायला जायचे आहे’ असे सांगितले, तर आपण काय उत्तर द्याल? बहुतेक घरांत ‘या वयात?’ एवढेच दोन शब्द उच्चारले जातात आणि विषय संपतो. माझ्याही तोंडून तेच दोन शब्द निघाले. मी जालना शहरात गेली पंचवीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय करते. ‘वय हा आजार नव्हे’ असे रोज इतरांना सांगणारी मी, स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत ते विसरले.

बाबांचे वय बाहत्तर. भोकरदन तालुक्यातील शाळेत इतिहास शिकवून ते निवृत्त झाले. भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातील भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत या गावच्या रहिवाशांचा उल्लेख आहे, हे त्यांनी प्रत्येक वर्गाला अभिमानाने सांगितले. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर ते आपल्या वडिलांच्या खांद्यावर बसून गेले होते. त्यांना त्यातले काही आठवत नाही, पण घरात ती हकिगत अनेकदा सांगितली जाते. माझा प्रश्न ऐकून ते शांतपणे म्हणाले, “अजिंठ्याला भिक्षू राहिले नाहीत, चित्रे राहिली. तिकडे लडाखात विहारांतून अजून रोज दिवे लागतात. ते एकदा पाहू दे, माय.”

यावर ‘नाही’ म्हणण्यासाठी माझ्याजवळ वैद्यकीय कारण नव्हते. म्हणून ते कारण आहे की नाही, हे तपासण्याचे मी ठरवले.

आधी तपासणी, मग तिकीट

आपल्याच माणसाची तपासणी आपण करू नये. मनाला हवे तेच कानाला ऐकू येते. बाबांना मी एका सहकारी तज्ज्ञांकडे पाठवले. ईसीजी, टू-डी एको, चालत्या पट्ट्यावरील ताण-चाचणी, हिमोग्लोबिन, मूत्रपिंडाचे कार्य दाखवणारे क्रिएटिनिन, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि डोळ्यांचा पडदा, एवढ्या तपासण्या झाल्या. बाबांना रक्तदाबाची एक व मधुमेहाची एक गोळी रोज लागते. दोन्ही विकार आटोक्यात होते. तज्ज्ञांनी जाण्यास हरकत घेतली नाही.

सर्वांना अशी अनुमती मिळेलच असे नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेला असणे, थोड्या श्रमानेही छातीत दुखणे, हृदयाची क्षमता कमी झालेली असणे, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढलेला असणे, जुनाट दम्यामुळे घरातल्या घरात धाप लागणे, रक्तदाब अनियंत्रित असणे, तीव्र रक्तक्षय किंवा सिकलसेलचा आजार असणे, यांपैकी काही असेल तर इतक्या उंचीचा प्रवास टाळलेलाच बरा. वय मात्र या यादीत नाही. उंचीवरील आजार तरुणांपेक्षा वृद्धांनाच अधिक होतो, असे नाही.

पायांची तयारी

प्रवास सप्टेंबरमध्ये ठरला. तेव्हा लडाखात आकाश निरभ्र असते, ओढ्यांना पाणी कमी असते आणि कडाक्याची थंडी सुरू झालेली नसते. हातात सहा महिने होते. मार्चमध्ये आम्ही पहाटे साडेपाचला मोती तलावाच्या बाजूने चालू लागलो. जालन्याच्या उन्हाळ्यात सात वाजल्यानंतर चालणे म्हणजे आजाराला निमंत्रण. पहिल्या महिन्यात रोज तीस मिनिटे, मेअखेर एक तास. चालताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, हीच वेगाची मर्यादा. बोलताना शब्द तुटू लागले, तर वेग अधिक झाला.

जूनपासून दर रविवारी आम्ही अंबडला मत्स्योदरी देवीच्या टेकडीवर पायऱ्या चढायला जाऊ लागलो. बाबा देवळात जात नाहीत. ते पायऱ्या मोजत आणि वर पोहोचल्यावर झाडाखाली बसत. गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना असते, हे ध्यानात ठेवून उतरण्याचाही सराव केला. दोन्ही हातांत काठ्या घेतल्या की उतारावर गुडघ्यांवरचा भार कमी होतो. पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या ठेवून वजन हळूहळू चार किलोपर्यंत नेले. नवे बूट याच काळात रोज वापरून मऊ करून घेतले. नवे बूट थेट डोंगरात नेणाऱ्यांच्या टाचांवर दुसऱ्याच दिवशी फोड येतात. ऑगस्टमध्ये एकदा दौलताबादचा किल्ला बाबांनी न थकता पूर्ण चढला. आता आपली तयारी झाली, असे मला वाटले.

जालन्यात न होणारी तयारी

पण ती अर्धीच तयारी होती. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. लेह शहर मात्र सुमारे ३५०० मीटरांवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्या दुपटीहून उंच. विरळ हवेचा सराव करता येईल अशी जागा आपल्या राज्यात कोठेही नाही.

हवेत प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते. उंचावर कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. म्हणून प्रत्येक श्वासागणिक प्राणवायू एक-तृतीयांशाने कमी मिळतो. शरीर ही तूट श्वासाचा वेग वाढवून भरून काढते. मूत्रपिंडे रक्तातील आम्ल-अल्कलीचा तोल नव्याने साधतात. याला काही दिवस लागतात आणि हे दिवस व्यायामाने वाचवता येत नाहीत. दौलताबाद धावत चढणाऱ्या तरुणाचेही डोके लेहला दुखू शकते. कणखर पाय अंतर कापण्यासाठी उपयोगी. उंचीवरील आजारापासून संरक्षण देतो तो केवळ संथपणा.

म्हणून नियम असा : ३००० मीटरांच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. दिवसा थोडे उंच चढून रात्री खाली झोपण्यास आले तर चालते. पहिले दोन दिवस मद्य आणि झोपेच्या गोळ्या कटाक्षाने टाळाव्यात. झोपेत श्वास आधीच अनियमित होत असतो.

ॲसिटाझोलामाइड नावाचे औषध या जुळवणीला मदत करते. प्रतिबंधासाठी साधारणतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येणे व वारंवार लघवी होणे हे त्याचे नेहमीचे परिणाम. सल्फा औषधांची तीव्र ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, आणि खरे तर सर्वांनीच, ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. बाबांना मी ते सुरू केले. स्वतः घेतले नाही. ‘मला कशाला?’ असे मला वाटले, आणि हे मी येथे मुद्दाम लिहीत आहे.

आपल्याकडे हिमालयात जाताना कापराची पुरचुंडी हुंगण्याची प्रथा आहे. कापराच्या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. रक्तातील प्राणवायू मात्र वाढत नाही. बाजारात मिळणाऱ्या प्राणवायूच्या लहान डब्यांनी काही मिनिटे बरे वाटते. खाली उतरण्याला तो पर्याय नव्हे.

वाट आणि माझी चूक

विमानाने दिल्लीहून लेहला सव्वा तासात पोहोचता येते, पण मग शरीराला तेवढाच वेळ मिळतो. मनालीच्या रस्त्यावर ५००० मीटरांजवळच्या खिंडी ओलांडाव्या लागतात. आम्ही श्रीनगरमार्गे रस्त्याने जाण्याचे ठरवले. जालन्याहून सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली, पुढे श्रीनगर, मग सुमारे २७०० मीटर उंचीवरील कारगिलला दोन मुक्काम, आणि तेथून फोतू ला खिंड ओलांडून लेह. आमची सहा जणांची तुकडी, एक तरुण लडाखी वाटाड्या आणि त्याचा मदतनीस. पदभ्रमणाचा मार्ग शाम खोऱ्यातला निवडला होता : लिकीर, यांगथांग, हेमिस शुकपाचन आणि तिमिसगाम. रोज चार-पाच तास चालणे, खिंडी ४०००  मीटरांच्या आत, रात्री गावातील घरांत मुक्काम, आणि जवळपास प्रत्येक गावाला मोटारीचा रस्ता. हा शेवटचा मुद्दा ज्येष्ठांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा.

लेहला पहिला पूर्ण दिवस विश्रांतीचा होता. बाबा आज्ञाधारकपणे खोलीत बसून राहिले. मी मात्र ‘वाट पाहून येते’ म्हणून शांती स्तूपाच्या पाचशेहून अधिक पायऱ्या चढून आले. त्याच संध्याकाळी माझे डोके दुखू लागले.

वाटाड्या रोज संध्याकाळी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारी : डोके किती दुखते, शून्य ते तीन? जेवण गेले का? झोप लागली का? मी पहिल्या प्रश्नाला ‘शून्य’ म्हणाले. तुकडीत डॉक्टर मी एकटीच होते. माझ्याकडे पाहून इतर निर्धास्त होते. शिवाय बाबांची काळजी घेण्यासाठी मी आले होते. मी निमूटपणे पॅरासिटामॉलची गोळी घेतली. बोटाला लावण्याच्या यंत्रावर माझा प्राणवायू ८८, बाबांचा ८७. या उंचीवर असे आकडे नेहमीचेच. आकड्याने मला दिलासा दिला, आणि तेथेच मी फसले. लक्षणे सांगतील ते ऐकायचे असते. आकडा केवळ जोडीला.

यांगथांगची संध्याकाळ

लिकीरच्या विहाराबाहेर मैत्रेयाची उंच सोनेरी मूर्ती आहे. सायंकाळी आतल्या मंदिरात लोण्याचे दिवे तेवत होते. एक वृद्ध भिक्षू वाती सारखत होते. बाबा बराच वेळ त्यांच्याकडे पाहत उभे राहिले. त्यांनी ‘जुले’ म्हणून नमस्कार केला, भिक्षूंनीही ‘जुले’ म्हटले. त्यापलीकडे दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी यांगथांगच्या वाटेवर कोरलेल्या शिळांच्या लांब भिंती लागल्या. त्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचे असते. प्रदक्षिणा ठाऊक असलेल्या मराठी माणसाला ते वेगळे शिकवावे लागत नाही. बाबा मोती तलावावर चालत, त्याच वेगाने चालत होते. मी मागे पडत होते. खिंडीपलीकडच्या उतारावर मला उलटी झाली. ‘सकाळच्या लोणी-चहाने पित्त झाले’ असे मी म्हणाले. (हा चहा खारट असतो, रक्तदाबाच्या रुग्णांनी एखादाच पेला घ्यावा.)

यांगथांगला यजमानीणबाईंनी भाजलेल्या जवाचे पीठ पुढे ठेवले. बाबा आनंदाने म्हणाले, “हे तर आपले सातूचे पीठ!” मी ते बाजूला सारले. तेव्हा बाबांनी सर्वांसमक्ष विचारले, “माय, तू सकाळपासून काही खाल्ले नाहीस, पाणीही घेतले नाहीस. तुझ्या दवाखान्यात असा पेशंट आला असता, तर तू त्याला काय म्हणाली असतीस?”

मी उत्तर दिले नाही. वाटाड्याने मला अंगणात नेऊन एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत चालायला लावले. मी चालले, तोल गेला नाही. तोल गेला असता तर मेंदूला सूज येत असल्याची ती खूण ठरली असती. तशी वेळ नव्हती. पण डोकेदुखी तिसऱ्या दिवशीही वाढत होती आणि आता उलट्या सुरू झाल्या होत्या. वाटाड्या वयाने माझ्या मुलाएवढा. तो नम्रपणे म्हणाला, “मॅडम, तुम्ही आज रात्रीच खाली जायचे. मी जीप बोलावतो.”

आणि त्याच क्षणी मला बाबांची आठवण झाली. ते एकटे पुढे कसे जातील? मी म्हणाले, “बाबा, आपण दोघेही उतरू.” बाबांनी सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढला. निघण्यापूर्वी मीच तो त्यांना लिहून दिला होता : कोणती गोळी, किती वाजता, कोणत्या लक्षणाला थांबायचे, कोणाला कळवायचे. ते म्हणाले, “हे सगळे मला पाठ आहे. मला काही होत असते तर तू मला उतरवलेच असतेस. आता तुला होत आहे. मी दोन दिवसांनी येतो.”

मदतनीस माझ्यासोबत जीपमध्ये बसला. आजारी माणसाला कधीही एकटे खाली पाठवू नये, हा नियमच आहे. काळोखात घाट उतरताना मला स्वतःची काळजी वाटत नव्हती. वडिलांना मागे ठेवून आल्याची लाज वाटत होती. वाचकहो, आपल्यापैकी जे घरी कुणाची सेवा करतात, त्यांना ही लाज ओळखीची असेल. आपण आजारी पडणे म्हणजे कर्तव्यात कसूर, असे आपण मानतो. म्हणून आपण आपली दुखणी लपवतो.

आलची

सिंधू नदीकाठी सुमारे ३१०० मीटर उंचीवर आलची हे गाव आहे. तेथे पोहोचल्यावर सकाळपर्यंत डोकेदुखी निम्मी झाली. दुपारी मला भूक लागली. केवळ चार-पाचशे मीटर खाली आल्याने हा फरक पडला, यापेक्षा प्रभावी औषध मी माझ्या व्यवसायात क्वचितच पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी सावकाश चालत मी तेथील जुने मंदिर पाहिले. तीन मजली लाकडी-मातीची इमारत, आत अवलोकितेश्वर, मैत्रेय आणि मंजुश्री यांच्या उंच मूर्ती. मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धाचे जीवनप्रसंग इवल्या चित्रांत रंगवले आहेत. आठ-नऊशे वर्षांपूर्वीचे हे काम काश्मिरी शैलीचे मानले जाते. आत छायाचित्रे काढता येत नाहीत, म्हणून मी बराच वेळ उभी राहून पाहिले. अजिंठा शंभर वेळा पाहिलेल्या बाबांना हे दाखवायचे, एवढेच मनात होते.

ते तिसऱ्या प्रहरी आले. चेहरा उन्हाने रापलेला, हातात सुक्या जर्दाळूंची पिशवी. तिमिसगामला १६८४ मध्ये लडाख आणि तिबेट यांच्यात तह झाला, तो इतिहास त्यांनी जीपमध्ये सर्वांना ऐकवला होता, असे मदतनिसाकडून कळले. रात्री त्यांची वही मी चाळली. रोजच्या पानावर त्यांनी स्वतःचे आकडे लिहिले होते : डोके शून्य, जेवण ठीक, झोप चार तास. आणि लेहच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ माझ्याविषयी होती. ‘हिचे डोके दुखते आहे. सांगत नाही.’

“मग लेहलाच का बोलला नाहीत?” मी विचारले.

“तू डॉक्टर आहेस. तुला कळत असेल, असे वाटले,” ते म्हणाले. “चूक माझीही झाली.”

सकाळी आम्ही दोघे मिळून पुन्हा ते मंदिर पाहायला गेलो.

जाणाऱ्यांसाठी, आणि नेणाऱ्यांसाठी

तपासण्या प्रवासाच्या तीन-चार महिने आधी करा. काही दोष निघाला तर उपचाराला अवधी मिळतो. औषधे दुप्पट घ्या आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. साखर मोजण्याचे यंत्र व इन्सुलिन थंडीत आतल्या खिशात, अंगालगत बाळगा. गोठलेले इन्सुलिन वापरू नये. पोस्टपेड फोन जवळ असू द्या. तुकडी निवडताना ‘किती दिवसांत नेता?’ यापेक्षा ‘कोणी आजारी पडल्यास किती वेळात खाली आणता?’ हा प्रश्न आधी विचारा.

विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, खोकल्यातून गुलाबी फेस येणे, तोल जाणे, बोलण्यात विसंगती येणे किंवा सुस्ती, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तर पहाटेची वाट न पाहता तत्काळ खाली उतरा व रुग्णालय गाठा. लेहला सोनम नोरबू स्मारक रुग्णालय आहे. ज्येष्ठांच्या बाबतीत घोटाळा असा होतो की, ‘वय झाले, थकले असतील’ म्हणून ही लक्षणे दुर्लक्षित राहतात. उंचावर थकव्याला वयाचे नाव देऊ नका.

आणि एक वही घ्या. रोज संध्याकाळी प्रत्येकाने स्वतःचे तीन आकडे लिहावेत आणि ते मोठ्याने वाचावेत. सोबत्याविषयी काही खटकले असेल तर तेही. आमच्या घरी ही पद्धत आता जालन्यातही चालू आहे. रात्रीच्या जेवणानंतर बाबा विचारतात, “आज किती?” मी खरे उत्तर देते. मग मी त्यांना विचारते.